फिजिओथेरपी केंद्रातला मसाज: कोणाला, कुठे आणि किती

कंबरेत उसण भरली, मान अवघडली किंवा खांदा वर जाईना, की आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला असतो: तेल कोमट करायचे आणि घरातल्याच कोणाकडून तरी चोळून घ्यायचे. चार दिवसांत उतार पडला नाही तर ओळखीचा मालिशवाला, आणि त्यानेही भागले नाही तर मग फिजिओथेरपी. त्यामुळे नाशिकमध्ये कॉलेज रोड, इंदिरानगर किंवा नाशिकरोडच्या एखाद्या फिजिओथेरपी केंद्राची पायरी चढणाऱ्या अनेकांची अशी समजूत असते की येथेही तेच होणार, फक्त अधिक तरबेज हातांनी होणार. प्रत्यक्षात पहिल्या भेटीचा बराचसा वेळ प्रश्न विचारण्यात आणि तपासण्यात जातो, मसाज दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो आणि उरलेल्या वेळात व्यायाम करून घेतला जातो. मग बाहेर पडताना ‘पैसे मसाजचे दिले आणि घाम मात्र मलाच गाळावा लागला’ अशी कुरकुर ऐकू येते. ही कुरकुर समजण्यासारखी असली, तरी या केंद्रांतला मसाज हा उपचारातला एक टप्पा असतो, आणि त्याचे खरे मोल तो कोणाला, कुठे व किती दाबाने द्यायचा, आणि कोणाला मुळीच द्यायचा नाही, हे ठरवणाऱ्या त्या तपासणीत असते.

हे ठरवणे म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून पाहता येईल. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी उरकली, की पुढे फुटी काढणे, घडांची विरळणी अशी कामे महिनोन्‌महिने चालतात. मांडवाखाली उभे राहून, हात खांद्याच्या वर धरून आणि मान मागे टाकून हे काम दिवसभर करावे लागते. अशा कामावर जाणारी पंचेचाळिशीची एक बाई मान आणि उजवा खांदा दुखतो म्हणून आली आहे, असे समजू. फिजिओथेरपिस्ट तिला लगेच झोपवत नाही. दुखणे रात्री झोपेतून उठवते का, हाताला मुंग्या येतात का, हातातून कात्री किंवा भांडे निसटते का, साखर, रक्तदाब, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, पूर्वीची पडझड, हे सगळे विचारून घेतले जाते. नंतर ‘मावशी, हनुवटी डाव्या खांद्याकडे न्या बरं, आता उजव्या’ असे म्हणत मान किती वळते ते पाहिले जाते, हातांची ताकद आणि गरज वाटल्यास हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या जातात. हातात बळ कमी आढळले, तर प्रश्न स्नायूचा नसून मानेच्या मणक्यातून निघणाऱ्या नसेचा असू शकतो, आणि मग उपचाराची दिशाच बदलते.

तसे काही नसेल, तर मानेच्या मुळापासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरून चाचपला जातो. त्यात एखादी ताठ दोरी हाताला लागते आणि त्या दोरीवर वाटाण्याएवढी एक जागा अशी असते, की ती दाबताच कळ कानामागून कानशिलापर्यंत चढते. ‘हां मॅडम, हेच, इथूनच डोक्यात जातं,’ असे रुग्ण आपणहून सांगते. अशा जागांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी कोणत्या स्नायूतली जागा दाबली असता कळ कुठे उमटते, याचे सविस्तर नकाशे १९८३ पासून प्रसिद्ध केले आणि ते आजही वापरात आहेत. ही जागा म्हणजे स्नायूत नेमके काय घडलेले असते, यावर मात्र तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

यानंतर मसाज. पडदा ओढलेला असतो, लागेल तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी अंग चादरीने झाकलेले असते. प्रथम तळहाताने लांब, संथ हात फिरवून स्नायू सैल केला जातो, मग अंगठ्याने त्या एका जागेवर अर्धा-एक मिनिट स्थिर दाब दिला जातो. मध्येच ‘शून्य ते दहामध्ये आता किती दुखतंय?’ असे विचारले जाते, आणि आकडा पाच-सहाच्या वर गेला तर दाब कमी केला जातो. मग पुन्हा मान वळवून पाहायची. बहुधा ती आधीपेक्षा थोडी जास्त वळते, आणि त्याच क्षणी, सैलपणा टिकून असतानाच, खांद्याची पाती मागे खेचण्याचे आणि मानेचे व्यायाम सुरू होतात. जाताना कामाविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात: शक्य तिथे पायाखाली बुटके, भक्कम बाकडे घ्यावे म्हणजे हात कमी उंच धरावे लागतील, आणि थोड्या थोड्या वेळाने हात खाली सोडून मान पुढे झुकवावी. माझ्या मते त्या भेटीतला सर्वांत किमती भाग हाच शेवटचा असतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईला पुन्हा त्याच मांडवाखाली उभे राहायचे असते.

मसाजने बरे का वाटते, याचे उत्तर आपण समजतो त्याहून अधिक मेंदूत आणि मज्जारज्जूत दडलेले आहे. स्पर्श आणि दाब यांचे संदेश जाड, वेगवान मज्जातंतूंतून जातात, तर दुखण्याचे बरेचसे संदेश बारीक, संथ तंतूंतून जातात. स्पर्शाचे संदेश पुरेशा जोराने आले, तर मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशांना अटकाव होतो, असा सिद्धान्त रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. त्याच्या तपशिलांत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, परंतु ढोपर आपटल्याबरोबर आपला हात नकळत तिथे चोळू का लागतो, याचे उत्तर त्यात मिळते. याशिवाय संथ, एका लयीतल्या स्पर्शाने शरीराची सावध अवस्था निवळते, श्वास खोल होतो, आणि दुखऱ्या भागाला जपण्यासाठी आखडून बसलेले स्नायू ढिले पडतात. हा परिणाम काही तास, फार तर एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच मसाजनंतर लगेच व्यायाम घेतला जातो: दुखणे दबलेले असताना जी हालचाल जमते, ती पुन्हा पुन्हा केल्याने टिकाऊ फरक पडतो.

याच्या जोडीने काही समजुतीही रुजल्या आहेत आणि दुर्दैवाने त्या मसाज देणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकू येतात. मसाजने शरीरातली ‘विषद्रव्ये’ बाहेर पडतात, या म्हणण्याला आधार नाही; ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. व्यायामानंतर साचलेले लॅक्टिक ॲसिड मसाजने निघून जाते, हेही तसेच. ते साधारण तासाभरात आपोआपच पूर्वपदावर येते. श्रावणात ब्रह्मगिरी चढून उतरलेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना भरून येतात, त्याचे कारण वेगळे आहे. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार सांभाळत असतो आणि त्यामुळे त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. या दुखण्यात हलक्या मसाजने आराम पडतो, पण स्नायू भरून यायला लागणारे दिवस लागतातच. ‘शिरेवर शीर चढली’ असे जे म्हणतात, त्यातही शीर कुठे चढत नाही. स्नायू आखडलेला असतो किंवा मुरगळ झालेली असते. आणि सर्वांत हट्टी समजूत म्हणजे जितके जास्त दुखेल तितका जास्त गुण. वेदना असह्य झाली की स्नायू बचावासाठी अधिकच आखडतो, त्यामुळे दात-ओठ खाऊन सोसलेला मसाज अनेकदा उलटा पडतो.

फिजिओथेरपी आणि मसाज यांचे नाते जुने आहे. तळहाताने सरकवत नेणे, कणीक मळावी तसे स्नायू मळणे, एका जागी घासणे, थोपटणे, कंप देणे, या हातांच्या प्रकारांना आजही एफ्लुराज, पेट्रिसाज, टॅपोटमाँ अशी फ्रेंच नावे वापरतात आणि त्या वर्गीकरणाचे श्रेय डच डॉक्टर योहान मेझगर यांना दिले जाते. इंग्लंडमध्ये १८९४ साली मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवर वैद्यकीय नियतकालिकात टीका झाली, तेव्हा चार परिचारिकांनी आपल्या कामाची अब्रू राखण्यासाठी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ ही संस्था काढली, आणि तीच पुढे त्या देशातली फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संस्था झाली. आपल्याकडे पोलिओच्या साथीमुळे गरज भासून १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातले पहिले फिजिओथेरपीचे प्रशिक्षण सुरू झाले. म्हणजे ज्या व्यवसायाची सुरुवातच मसाजपासून झाली, त्याने पुढे अनुभवाअंती मसाजला दुय्यम जागा दिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग त्याचा उपयोग कुठे होतो? जुनाट कंबरदुखीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम, रुग्णशिक्षण यांबरोबर मसाजचाही उपयुक्त उपायांत समावेश आहे, तर ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा यांची नेहमीचा उपाय म्हणून शिफारस केलेली नाही. ‘वजन लावून घेणे’ आणि पट्टा यांवर आपल्याकडे अजूनही जी भिस्त असते, ती पाहता हे मुद्दाम सांगावेसे वाटते. तरीही मसाजचा पुरावा प्रामुख्याने थोड्या काळाच्या आरामाचा आहे, वर्षभर टिकणाऱ्या गुणाचा नाही. मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंचे दुखणे, स्नायूंच्या ताणामुळे होणारी डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतर घट्ट झालेला व्रण, खेळाडूंच्या पोटऱ्या आणि मांड्या, येथे त्याचा चांगला उपयोग होतो. उलट फ्रोझन शोल्डरमध्ये आखडलेले असते ते सांध्याभोवतीचे वेष्टन. तेथे मसाजने भोवतालचे स्नायू सैल होतात इतकेच. गुडघ्याच्या झिजेवर तेल चोळल्याने कूर्चा भरून येत नाही, मांडीच्या स्नायूंची ताकद वाढवल्याने चालणे सुधारते. सायटिकात पोटरी दुखते म्हणून पोटरीच रगडणे तर व्यर्थच, कारण दुखण्याचे मूळ कमरेत असते.

एका प्रकाराची माहिती मात्र फार थोड्यांना असते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसीका-ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या किंवा तेथे किरणोपचार झाला, तर पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी हात जड होऊन सुजू लागतो, बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही घट्ट होते. या सुजेला लिम्फेडीमा म्हणतात. तिच्यावर ‘मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज’ नावाची पद्धत वापरतात. ती डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने १९३० च्या दशकात विकसित केली. यात दाब इतका हलका असतो की नुसती त्वचा सरकावी. ज्या मार्गांनी द्रव वाहू शकतो ते आधी छाती आणि मानेपाशी मोकळे करायचे आणि मग हातातला द्रव टप्प्याटप्प्याने तिकडे वळवायचा, असा क्रम असतो. त्यानंतर थरांची पट्टी किंवा दाब देणारी बाही, व्यायाम आणि त्वचेची निगा हे सगळे एकत्र चालते. एकट्या मसाजने ही सूज आटोक्यात राहत नाही. अशा हाताला घरी जोराने चोळणे टाळावे. हे काम शिकलेली व्यक्ती केंद्रात आहे का, ते आधी फोनवर विचारून घेतलेले बरे.

आता मसाज कधी घेऊ नये ते पाहू, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. लहान मूल पडले, कोपर सुजले, की हाड बसवणाऱ्याकडे किंवा मालिशवाल्याकडे नेण्याची रीत जिल्ह्यात आजही आहे. कोपराच्या ताज्या दुखापतीला तेल लावून रगडले, तर स्नायूत साकळलेल्या रक्ताच्या जागी हाड तयार होऊ शकते. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात आणि त्यात कोपर कायमचे अर्धवट वाकलेले राहू शकते. हीच गोष्ट मांडीला जोराचा मार बसलेल्या कबड्डीपटूची किंवा पैलवानाची. म्हणून दुखापत ताजी असताना, विशेषतः कोपराची, मसाज नाही. आधी एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञ.

दुसरा धोका पोटरीतला. शस्त्रक्रियेनंतर, प्लास्टरमध्ये, दीर्घ आजारपणात किंवा लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर आतल्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असण्याची शक्यता असते. ती पोटरी चोळली असता गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा पायाला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवणे हे चांगल्या केंद्राचे लक्षण आहे, मग रुग्ण कितीही म्हणो की ‘थोडं दाबून द्या, बरं वाटेल’.

तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. दाढी-कटिंग झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून घेणे अनेकांना आवडते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना अशा झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. प्रमाण अगदी थोडे असले, तरी फुकट मिळणाऱ्या सुखासाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही. तसेच पाठ दुखते म्हणून आजीने नातवाला पाठीवरून चालायला लावणे. साठी उलटलेल्या अनेक स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात आणि तेवढ्या भारानेही मणका किंवा बरगडी मोडू शकते.

याखेरीज ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, अनियंत्रित रक्तदाब असताना मसाज टाळतात. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल दाबाने काळेनिळे डाग पडतात, म्हणून त्या गोळ्यांची नावे लपवू नयेत. मधुमेहाने पाय बधिर झालेले असतील तर दाब किंवा शेक जास्त होत आहे हे रुग्णाला कळतच नाही. गरोदरपणात घ्यायचा असेल तर आपल्या डॉक्टरांच्या संमतीने आणि कुशीवर झोपून. आणि पाठदुखी रात्री वाढत असेल, सोबत बारीक ताप असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. लघवीवर ताबा राहिनासा झाला किंवा पायांतले बळ गेले, तर फिजिओथेरपी केंद्रात न जाता थेट रुग्णालय गाठावे.

केंद्र निवडताना पाट्यांवर भुलू नये. फिजिओथेरपिस्ट म्हणजे बी.पी.टी. (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी) ही पदवी घेतलेली व्यक्ती. चार वर्षांचे शिक्षण आणि सहा महिन्यांची आंतरवासिता असे तिचे स्वरूप अनेक वर्षे राहिले, आणि म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम चालतो. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. काही केंद्रांत तपासणी फिजिओथेरपिस्ट करतात आणि मसाज मदतनीस देतात. देखरेख असेल तर त्यात वावगे काही नाही, पण ते आधी सांगितले गेले पाहिजे. मसाज देणारी व्यक्ती स्त्री असावी की पुरुष, सोबत घरचे कोणी बसू शकेल का, कोणता भाग उघडा करावा लागेल, हे विचारण्याचा आणि मध्येच ‘पुरे’ म्हणण्याचा हक्क रुग्णाला असतो. दहा-पंधरा बैठकांचे पैसे पहिल्याच दिवशी भरून घेणाऱ्यांपासून मी सावध राहीन. चार-पाच बैठकांनंतर पुन्हा मोजमाप करून, मान किती वळते, हात किती वर जातो, हे पाहिल्यावर पुढचे ठरवणे अधिक रास्त. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्च बहुतेक आरोग्य विम्यांत मिळत नाही, त्यामुळे पावती मागण्याआधी पॉलिसी वाचून घ्यावी.

मसाजनंतर एक-दोन दिवस अंग थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. ते त्यापलीकडे राहिले, नव्याने मुंग्या किंवा बधिरता आली, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता कळवावे. आणि प्रत्येक वेळी केंद्रातच जायला हवे असेही नाही. जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर दिवसातून काही मिनिटे बोटांनी गोल दाब देणे, स्नायूतल्या दुखऱ्या जागेवर भिंतीच्या आधाराने टेनिस बॉल दाबून धरणे, पोटरीत गोळा आला तर पाऊल हाताने आपल्याकडे ओढून धरणे, हे घरच्यांना एकदा दाखवून दिले की जमते. घरी बाळंतिणीची किंवा आजोबांची मालिश चालू असेल, तर तीही बंद करण्याचे कारण नाही. दाब सोसवेल इतका असावा, पाठीच्या कण्यावर थेट जोर देऊ नये, सुजलेला किंवा लाल झालेला भाग सोडून द्यावा, आणि न्हाणीघरातली फरशी तेलकट राहणार नाही एवढे पाहावे, कारण म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचे हाड बरेचदा तेथेच घसरून मोडते.